उत्तमकुमार शंभर वर्षांचा होतोय, आणि आपण अजून 'अमानुष'पाशीच अडकलोय

सांजवारा:

३ सप्टेंबर २०२६ म्हणजे उत्तमकुमारची जन्मशताब्दी. बंगालीत त्याला 'महानायक' म्हणतात, चाहत्यांच्या तोंडी नुसतं 'गुरू'. आपल्याकडे मात्र त्याचं नाव काढलं की ठरलेली दोन उत्तरं येतात. "तो 'दिल ऐसा किसी ने मेरा तोडा'वाला ना?" किंवा, जरा फिल्म सोसायटीचा वारा लागलेला असेल तर, "सत्यजित रायचा 'नायक'!" पहिला सिनेमा, म्हणजे 'अमानुष', १९७५ चा, दुसरा १९६६ चा. या दोन्हींच्या आगेमागे आणि मधे दोनशेच्या आसपास चित्रपट आहेत, त्यांच्याविषयी मराठीत फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोयीचं पडेल. उत्तमकुमारला लोक देखणा, हसरा, नशीबवान स्टार समजतात. मला तो पाच वर्षं सपाटून मार खाल्लेला आणि त्या मारातून 'कमी कसं करावं' हे शिकलेला नट वाटतो. ते हसू नंतर आलं.

खरं नाव अरुणकुमार चट्टोपाध्याय. जन्म उत्तर कोलकात्यात अहिरीटोल्याला, मामाच्या घरी. वाढला दक्षिणेकडे भवानीपूरला, गिरीश मुखर्जी रोडवर. वडील सातकडी चट्टोपाध्याय मेट्रो सिनेमात प्रोजेक्टर चालवायचे, म्हणजे सिनेमा घरात यायचा तो पगाराच्या रूपाने! घरातल्याच मंडळींची 'सुहृद समाज' नावाची हौशी नाटक मंडळी होती. कॉमर्सचं शिक्षण अर्धवट टाकून तो पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून झाला. दिवसा खर्डेघाशी, संध्याकाळी तालीम.

पहिला सिनेमा 'मायाडोर' डब्यातच राहिला, प्रदर्शितच झाला नाही. १९४८ चा 'दृष्टिदान' हा पडद्यावर आलेला पहिला, दिग्दर्शक नितीन बोस. त्यानंतर जी रांग लागली ती पडेल चित्रपटांची. मधल्या काळात नावं बदलून पाहिली. अरुणकुमार, अरूपकुमार, मग उत्तमकुमार. काही उपयोग नाही. स्टुडिओत लोक त्याला 'फ्लॉप मास्टर जनरल' म्हणायला लागले. पोर्ट ट्रस्टची नोकरी त्याने तोवर सोडली नव्हती, आणि मला वाटतं हा त्याच्या शहाणपणाचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

१९५२ मध्ये निर्मल दे यांचा 'बसू परिवार' आला आणि पहिल्यांदा गाडी रुळावर आली. कोसळत्या एकत्र कुटुंबातला मोठा मुलगा. गंमत म्हणजे यात त्याची बहीण झालीय नटी सुप्रिया देवी, जिच्याबरोबर पुढे त्याचं अर्धं आयुष्य गेलं. पुढच्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाचा 'साडे चुयात्तर' आला आणि त्यात सुचित्रा सेन पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिली. १९५४ मध्ये 'अग्निपरीक्षा'. पुढचा इतिहास बंगालात शेंबडं पोरही सांगेल.

लिहायला खूप आहे, पण आधी तुमचं येऊ द्या.


मिरची_भजी:

पहिला नंबर! वाचते आहे. 'साडे चुयात्तर' तूनळीवर पाहिलाय, हसून हसून पुरेवाट झाली. पण खरं सांगू? त्यात उत्तम आणि सुचित्रा तोंडी लावण्यापुरते आहेत. मेसचा मालक झालेले तुलसी चक्रवर्ती आणि त्यांची बायको झालेल्या मलिना देवी, तेच खरे नायक-नायिका. आणि भानू बंद्योपाध्यायचं ते "माशीमा, मालपो खामु" (मावशी, मालपुवा खाणार)!


खडूस_म्हातारा:

लेखाची सुरुवात चांगली, निष्कर्ष पटला नाही. देखणा होता, लोकप्रिय होता, कबूल. पण अभिनय म्हणाल तर सौमित्र चटर्जी. रायसाहेबांनी सौमित्रला चौदा चित्रपटांत घेतलं आणि उत्तमला दोनांत. यातच काय ते आलं. पन्नासच्या दशकातले ते उत्तम-सुचित्रा पाहा: धुकं, झाड, चंद्र, दोघांचे क्लोजअप, व्हायोलिनचा पूर. याला मी अभिनय म्हणत नाही, छायाचित्रण म्हणतो.


हावड्याचा_मराठी:

म्हातारेबुवा, हे वाक्य तुम्ही आमच्या इथे रवींद्र सरोवराच्या कट्ट्यावर मोठ्याने बोललात तर चहा तुमच्या पैशाने पाजावा लागेल, आणि तरी सुटका व्हायची नाही. उत्तम की सौमित्र हा वाद इथे पिढ्यान् पिढ्या चालू आहे. घराघरांत तट आहेत. माझ्या सासुरवाडीत (बंगाली आहेत, नोकरीनिमित्त इथे आलो आणि अडकलो) सासरे सौमित्रवाले, सासूबाई उत्तमवाल्या. जेवताना हा विषय काढायचा नाही असा नियम आहे.

पण मुद्द्याचं. दोघांना एकत्र पाहायचं तर तपन सिन्हांचा 'झिंदेर बंदी', १९६१. उत्तमची दुहेरी भूमिका, राजा आणि त्याच्यासारखाच दिसणारा कोलकात्याचा बंगाली माणूस. सौमित्र त्यात खलनायक आहे, मयूरवाहन! रायच्या 'अपुर संसार'मध्ये अपू झालेला तो कोवळा पोरगा दोनच वर्षांत मिशीला पीळ देत तलवार फिरवतोय. आणि कबूल करायला हवं, त्या सिनेमात सौमित्र उत्तमला जड जातो. मग 'स्त्री' (१९७२) पाहा, तिथे उत्तम भाव खाऊन जातो. दारूत आणि बाईत बुडालेला जमीनदार त्याने असा रंगवलाय की घृणा आणि कीव एकदम यावी. १९७९ च्या 'देवदास'मध्ये सौमित्र देवदास, उत्तम चुनीलाल. म्हणजे एकमेकांसमोर उभं राहायला दोघांपैकी कुणाचीच ना नव्हती. भांडण आपल्यातच.

'झिंदेर बंदी'ची मूळ कादंबरी शरदिंदू बंद्योपाध्याय यांची. हे ब्योमकेश बक्षीचे जनक १९५२ पासून पुण्यात राहत होते! आधी मुंबईत बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायचे, मग सिनेमाला कंटाळून पुण्यात स्थायिक झाले आणि तिथे बसून बंगालीत लिहीत राहिले. राय यांनी १९६७ मध्ये 'चिडियाखाना' केला तेव्हा पडद्यावर ब्योमकेश झाला उत्तमकुमार, आणि त्याचा लेखक होता पुणेकर. मराठी संबंध हवाच असेल तर हा घ्या.


सांजवारा:

@खडूस_म्हातारा काका, चौदा विरुद्ध दोन हे गणित मला कधीच कळलं नाही. राय यांनी तुलसी चक्रवर्तींना मुख्य भूमिकेत एकदाच घेतलं, म्हणून ते लहान नट?

आणि धुकं-चंद्र म्हणता, त्यातच तर खरी गोम आहे. त्या काळचा बंगाली नट पडद्यावर रंगभूमीची वाणी बोलायचा. छबी बिस्वासांसारखा दिग्गज ती वाणी पेलायचा. इतरांचं नुसतं दणदणायचं. उत्तमने आवाज खाली आणला. संवाद अर्धवट सोडायचा, समोरच्याकडे न पाहता उत्तर द्यायचं, खांदा जरासा पाडायचा, सिगारेट पेटवण्यात दोन क्षण घालवायचे. १९५७ चा 'हारानो सुर' घ्या. स्मृती गेलेला माणूस आहे, डॉक्टर असलेल्या सुचित्राशी लग्न करतो, मग आधीची स्मृती परत येते आणि बायकोच विसरली जाते. ती त्याच्याच घरात नोकरीला येते. असल्या कथेत दुसरा कुणी असता तर कपाळ धरून, केस उपटून दाखवलं असतं. हा फक्त गोंधळलेला, थोडा चिडलेला सभ्य गृहस्थ दिसतो. आतून काहीतरी ओळखीचं वाजतंय आणि सापडत नाहीये, एवढंच. तो चित्रपट त्यानेच काढलेला होता, आलोछाया प्रॉडक्शन्स, दिग्दर्शक अजय कर.

निर्माता म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. १९६३ चा 'उत्तर फाल्गुनी' त्याने काढला, सुचित्राला आई आणि मुलगी अशी दुहेरी भूमिका दिली (हाच पुढे हिंदीत 'ममता' झाला), आणि स्वतः त्यात नायक झाला नाही. ती भूमिका विकास रायने केली. स्वतःच्या पैशाने काढलेल्या सिनेमात स्वतः न दिसणारा सुपरस्टार मला तरी दुसरा पटकन आठवत नाही.


अजून_एक_चहा:

+१. वाचनखूण साठवली आहे.

एक भाबडा प्रश्न. 'सप्तपदी'त ते ऑथेल्लोचं दृश्य आहे ना, दोघं कॉलेजच्या नाटकात करतात ते. इंग्रजी इतकं अस्खलित कसं काय? खरंच त्यांनीच म्हटलंय?


हावड्याचा_मराठी:

नाही. ऑथेल्लोचा आवाज उत्पल दत्तचा, डेस्डिमोनाचा जेनिफर केंडलचा. पण ओठांची हालचाल, मानेची शीर, श्वास पाहा. उसना आवाज अंगावर घ्यायचा कसा याचा धडा आहे. मेडिकलचा विद्यार्थी कृष्णेंदू आणि अँग्लो-इंडियन रीना ब्राउन, ताराशंकर बंद्योपाध्यायांची कादंबरी, सिनेमा १९६१ चा. मोटारसायकलवरचं 'एइ पथ जोदि ना शेष होय' यातलंच. कोलकात्यात पूजेच्या मंडपात आजही ते लागलं नाही असं वर्ष जात नाही.


एलपी_वेडा:

आवाजाचा विषय निघालाच आहे तर मला थांबवू नका.

उत्तमकुमारची अर्धी जादू हेमंत मुखर्जींची आहे, म्हणजे आपल्या हेमंतकुमारांची. 'मी डोलकर दर्याचा राजा'मध्ये लताबाईंसोबत जो आवाज आहे तोच. १९५५ चा 'शापमोचन' ऐका, संगीतही हेमंतदांचं आणि उत्तमसाठी गायलेतही तेच. त्यानंतर दोघांचे आवाज लोकांच्या डोक्यात एकच होऊन गेले. उत्तम बोलतानाचा आवाज आणि हेमंत गातानाचा आवाज यांत सांधा दिसतच नाही. याचं एक कारण हेमंतदांची गाण्याची पद्धत, बोलल्यासारखी. दुसरं कारण, उत्तम स्वतः गाणं शिकलेला होता. ताल कुठे येतो, श्वास कुठे घ्यायचा हे त्याला माहीत होतं. १९६६ च्या 'काल तुमि आलेया'ला तर संगीतच त्याचं आहे.

मग श्यामल मित्र. 'देया नेया' (१९६३) मध्ये उत्तम गायक झालाय, आणि त्यात नायिका कोण? आपली तनुजा! शोभना समर्थांची लेक. पुढे १९६७ मध्ये 'अँटनी फिरिंगी'तही तीच. पोर्तुगीज रक्ताचा माणूस बंगाली कवियाल होतो, म्हणजे भर जमावात प्रश्नोत्तरांची पदं रचून गाणारा शाहीर. आपल्या कलगीतुऱ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तिथे उत्तमला आवाज मन्ना डेंचा. 'आमि जे जलसाघरे' ऐकून मग बोला. आपण ज्यांना 'घन घन माला नभी दाटल्या'मुळे घरचे समजतो ते हे मन्ना डे, बंगालीत त्यांनी उत्तमच्या उत्तरार्धाला नवा गळा दिला. 'शंखबेला'तलं (१९६६) 'के प्रथम काछे एशेछि' हे मन्नादा आणि लताबाईंचं द्वंद्वगीत. एक होडी, उत्तम आणि माधवी मुखर्जी. बास.

दहा वर्षं हेमंतचा आवाज लावलेल्या चेहऱ्याला मन्ना डेंचा आवाज लावायचा आणि प्रेक्षकाला खटकू द्यायचं नाही, हे काम गायकाचं जेवढं, तेवढंच नटाचं.

अवांतर: राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट अभिनेता हा प्रकार सुरू झाला १९६७ च्या चित्रपटांपासून. तो पहिलावहिला पुरस्कार उत्तमकुमारला, 'अँटनी फिरिंगी' आणि 'चिडियाखाना' या दोन्हींसाठी मिळून. काका, इकडे लक्ष असू द्या.


खडूस_म्हातारा:

लक्ष आहे. पण 'चिडियाखाना'वर स्वतः राय खूश नव्हते, हेही लिहा की.


एलपी_वेडा:

लिहितो. खूश नव्हते, आणि त्याच चित्रपटासाठी उत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार त्यांना मिळाला. :)


तिसरी_घंटा:

चांगली चर्चा. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. मराठीत उत्तमकुमार का झाला नाही?

देखणे नट नव्हते असं नाही. अरुण सरनाईक होते, रमेश देव होते. सरनाईक तर गाणारे, घरातच संगीत. पण मराठी सिनेमाच्या दारातच मुंबई होती. हिंदीचा बाजार तिथेच, स्टुडिओ तिथेच. जरा चमकलं की हिंदीत छोटी-मोठी कामं मिळायची आणि मराठी नट तिकडे खलनायक, पोलीस इन्स्पेक्टर किंवा नायिकेचा बाप होऊन जायचा. मराठी प्रेक्षक हिंदी सिनेमा आपलाच समजून पाहायचा. शहरी मध्यमवर्गाने तर मराठी सिनेमा तमाशापटांच्या हवाली करून टाकला होता. बंगालात उलट झालं. पैशासाठी बिमल रॉय, हृषिकेश मुखर्जी अशी मंडळी मुंबईला गेली, तरी मागे जो मध्यमवर्ग उरला तो संध्याकाळी बंगालीच सिनेमा पाहायचा. फाळणीने बाजारपेठ निम्म्यावर आली होती, पूर्व बंगालातून लोंढे येत होते, माणसं मेसमध्ये, भाड्याच्या खोलीत, नातेवाइकांच्या व्हरांड्यात राहत होती. त्या माणसाला नोकरी शोधणारा, धोतर-कुडत्यातला, नीट बोलणारा नायक हवा होता. उत्तमने तो दिला.

दुसरं, आपलं वेड नाटकाला होतं. काशीनाथ घाणेकरांना शिट्ट्या पडल्या त्या रंगमंचावर. तसं पाहिलं तर उत्तमही नाटकात होता. १९५३ मध्ये स्टार थिएटरमध्ये 'श्यामली' सुरू झालं, सावित्री चटर्जीसोबत, आणि त्याचे शेकडो प्रयोग झाले. पण सिनेमाचा व्याप वाढल्यावर त्याने नाटक सोडलं. आपल्याकडे नाटक सोडणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात.


मिरची_भजी:

घंटाबाई, 'मुंबई दारात होती' हे पटलं. पण मग उत्तमकुमार मुंबईला आला तेव्हा काय झालं? 'छोटी सी मुलाकात' १९६७. 'अग्निपरीक्षा'चाच हिंदी अवतार, स्वतः निर्माता, वैजयंतीमाला नायिका, शंकर-जयकिशन संगीत. सगळं भारी, आणि आपटला! माझ्या आईने थिएटरात पाहिलाय. ती म्हणते, "माणूस चांगला होता गं, पण पार्टीला चुकून आलेल्या प्रोफेसरासारखा दिसत होता."


सांजवारा:

तुमच्या आईंना साष्टांग दंडवत. याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

त्या सिनेमाने त्याच्यावर कर्जाचा डोंगर केला. नंतरची काही वर्षं हाती येतील ते सिनेमे त्याने घेतले, त्यातले बरेच आज पाहवत नाहीत. पण मला वाटतं मुंबईतली फजिती फक्त धंद्याची नव्हती. त्याच्या अभिनयातलं निम्मं सामान भाषेत आहे. कोलकात्याचा भद्रलोक, म्हणजे सुशिक्षित मध्यमवर्गीय, कुठल्या शब्दावर थांबतो, कुणाला 'आपनि' (आदरार्थी 'आपण') म्हणताना आवाज किती मऊ करतो, राग आल्यावर उलट अधिक सभ्य कसा होतो, हे सगळं हिंदीत आणताच येत नाही. हिंदीत त्याचं लक्ष उच्चारांकडे लागलेलं दिसतं. 'अमानुष' चालला कारण तो सुंदरबनातला, एकाच वेळी दोन्ही भाषांत काढलेला, आणि त्यातला मधू बेवडा, तुटक बोलणारा. गुलजारचा 'किताब' (१९७७) आणि भीमसेनचा 'दूरियाँ' (१९७९) मध्ये तो बराच सैल दिसतो, पण तोवर वय झालं होतं.

आणि विरोधाभास बघा. तो स्वतः हिंदीत चालला नाही, पण त्याच्या भूमिका धो धो चालल्या. 'छद्मबेशी' (१९७१) चा झाला 'चुपके चुपके'. 'निशिपद्म' (१९७०) चा 'अमर प्रेम'. 'देया नेया'चा 'अनुरोध'. 'लाल पाथर'चा 'लाल पत्थर'. 'भ्रांतिविलास' (१९६३) वरून आधी 'दो दूनी चार', मग 'अंगूर'. म्हणजे धर्मेंद्र, राजेश खन्ना, राजकुमार, संजीवकुमार, किशोरकुमार या पाचांत मिळून एक उत्तमकुमार आपण पाहिलेला आहे, त्याला न पाहता.


अजून_एक_चहा:

बाप रे, 'चुपके चुपके'सुद्धा? आज झोप नाही.

'नायक'विषयी कुणीतरी लिहा ना. २०२५ च्या फेब्रुवारीत नवी प्रत थिएटरांत लागली होती तेव्हा माझा हुकला.


सांजवारा:

लिहिते. पण हा लांबेल.

'नायक' ही राय यांची स्वतःची कथा, कुठल्या कादंबरीवरची नाही, आणि लिहितानाच डोळ्यासमोर उत्तम होता. अरिंदम मुखर्जी हा स्टार पुरस्कार घ्यायला दिल्लीला रेल्वेने निघालाय. त्याच गाडीत एका बायकांच्या मासिकाची संपादिका आहे, शर्मिला टागोर, चष्मा लावलेली, त्याच्यावर फारशी न भाळलेली. डायनिंग कारमध्ये बोलणं सुरू होतं आणि माणूस हळूहळू उलगडत जातो. गाडी म्हणजे बन्सी चंद्रगुप्तने स्टुडिओत उभा केलेला डबा, पाहताना एकदाही शंका येत नाही.

चित्रीकरणाच्या आधी उत्तमला कांजिण्या झाल्या होत्या, चेहऱ्यावर व्रण होते. राय यांनी मेकअप नको म्हणून सांगितलं. ज्या चेहऱ्यावर पंधरा वर्षं प्रकाश सांभाळून टाकला गेला, तो तसाच कॅमेऱ्यासमोर. एखादा स्टार घाबरला असता. इथे ते व्रण अरिंदमच्या कामी आलेत.

सगळे त्या नोटांच्या स्वप्नाविषयी बोलतात. नोटांच्या ढिगात तो बुडत जातो, सांगाड्याचे हात, फोन. मला ते जरा जास्तच सजवलेलं वाटतं. माझं आवडतं दृश्य मुकुंद लाहिडीचं आहे. पहिल्या चित्रपटाच्या सेटवर नवखा अरिंदम हळू आवाजात, साधं बोलून काम करतोय आणि जुना मातब्बर नट त्याला सगळ्यांसमोर सोलून काढतो. पुढे काळ फिरतो. तोच लाहिडी रात्री अरिंदमच्या घरी काम मागायला येतो, आणि अरिंदम त्याला काय देतो? फारसं काही नाही. एक पेग आणि थोडी सभ्यता. त्या वेळी उत्तमच्या चेहऱ्यावर सूड आहे, कीव आहे, आणि 'हे माझंही होणार' ही भीती आहे. हे तिन्ही तो एकही भुवई न उचलता दाखवतो. 'फ्लॉप मास्टर जनरल' म्हणवून घेतलेल्या माणसाला हे दृश्य वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल.

काकांच्या सौमित्रने हे केलं असतं का? मोठा नट होता तो, केलं असतंच. पण अरिंदम रेल्वेच्या डब्यात शिरल्यावर बाकीचे प्रवासी ज्या नजरेने वळतात, ती नजर कुणाला अभिनयाने कमावता येत नाही.


खडूस_म्हातारा:

ठीक. 'नायक'बद्दल वाद नाही. तो मी फिल्म सोसायटीत पाहिलाय, तेव्हाही आवडला होता. माझा आक्षेप उरलेल्या एकशे नव्व्याण्णवांना.


हावड्याचा_मराठी:

त्यांतले दीडशे तुम्हाला देऊन टाकतो. उरलेल्यांपुरतं बोलू.

'विचारक' (१९५९). बाकीचं जग त्याला प्रेमवीर म्हणून ओवाळत असताना, ऐन तिशीत तो केस पिकवून न्यायाधीश झालाय. समोर खटला आहे भावाला बुडू दिल्याचा, आणि न्यायाधीशाच्या मनात स्वतःच्या पहिल्या बायकोचा आगीत झालेला मृत्यू. 'खोकाबाबुर प्रत्यावर्तन' (१९६०) मध्ये टागोरांच्या कथेतला नोकर रायचरण. देखणेपण पुसून टाकलेला, कमरेत वाकलेला. 'जतुगृह' (१९६४), घटस्फोट झालेलं जोडपं रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये भेटतं. सुबोध घोषांची कथा. 'इजाजत'ची सुरुवात आठवली ना? 'थाना थेके आसछि' (१९६५) मध्ये इन्स्पेक्टर. 'चौरंगी' (१९६८) मध्ये हॉटेलातला सत्यसुंदर ऊर्फ साटा बोस. सत्तरच्या दशकात तर त्याने नायकपणाची झूलच काढून ठेवली. 'बाघबंदी खेला'तला नीच माणूस पाहून सासूबाई अजूनही त्याच्यावर रागावतात. 'जदुबंश' (१९७४) मध्ये पाड्यातल्या टारगट पोरांच्या टवाळीचा विषय झालेला माणूस. महानायकाने ही भूमिका घेणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळणार नाही.


मिरची_भजी:

सुप्रियाचा किस्सा कुणी नीट सांगेल का? आणि गौरी देवींचं काय झालं?


हावड्याचा_मराठी:

थोडक्यात: गौरी देवींशी लग्न चित्रपटांत नाव होण्याआधीच झालं होतं, मुलगा गौतम १९५० चा. १९६३ मध्ये तो भवानीपूरचं घर सोडून सुप्रियाबरोबर राहायला गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. घटस्फोट झाला नाही. दोन्ही घरांशी त्याचं नातं राहिलं. यापुढचं मीठमसाल्याचं कोलकात्यात खूप छापून आलंय, मला त्यात पडायचं नाही.


तिसरी_घंटा:

बरं केलंत. त्यापेक्षा आकाशवाणीचा किस्सा सांगा.


हावड्याचा_मराठी:

हा सांगायलाच हवा, कारण लोकप्रियतेची हद्द कुठे संपते ते यातून दिसतं.

महालयाच्या (आपली सर्वपित्री अमावास्या) पहाटे आकाशवाणी कोलकात्यावरून 'महिषासुरमर्दिनी' लागतं, वीरेंद्रकृष्ण भद्र यांच्या चंडीपाठासह. हे तीसच्या दशकापासून. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे कीर्तन आणि उटणं, तसं यांचं पूजेचं दार या आवाजाने उघडतं. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, वरच्यांच्या डोक्यात आलं की हे जुनं झालं, नवं करू. 'दुर्गा दुर्गतिहारिणी' नावाचा नवा कार्यक्रम बसवला. संगीत हेमंत मुखर्जी, आणि भद्रांच्या जागी निवेदनाला उत्तमकुमार. बंगालातला सर्वांत लाडका माणूस, त्यामुळे काळजी नव्हती.

लोक पहाटे उठले, रेडिओ लावला आणि भडकले. आकाशवाणीवर फोनचा भडिमार, दाराशी गर्दी. ज्या लोकांनी त्याच्यासाठी तिकीटबारीवर लाठ्या खाल्ल्या होत्या, त्याच लोकांनी त्याला या जागी नाकारलं. त्याच वर्षी षष्ठीला भद्रांचा कार्यक्रम पुन्हा लावावा लागला आणि पुढच्या वर्षापासून जुनीच व्यवस्था सुरू झाली. ती आजतागायत आहे.

माझे सासरे म्हणतात, उत्तमने वाईट केलं नव्हतं. सासूबाई म्हणतात, मी ऐकलंच नाही, बंद केला रेडिओ. हे उत्तमवाल्या सासूबाईंचं वाक्य, लक्षात घ्या.


एलपी_वेडा:

मी ते ध्वनिमुद्रण ऐकलंय. गाणी सुंदर आहेत. निवेदन बरं आहे. पण भद्रांचा आवाज पाठ करता करता फुटतो, रडवेला होतो. उत्तमने तिथेही तेच केलं जे तो पडद्यावर करायचा, आवाज आवरला. देवीसमोर आवरून चालत नाही.


सांजवारा:

एलपीराव, माझ्या सगळ्या लेखापेक्षा हे वाक्य भारी आहे. त्याची ताकद आणि मर्यादा, दोन्ही एकच.

शेवटाविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जुलै १९८० मध्ये 'ओगो बधु सुंदरी'चं चित्रीकरण चालू असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि २४ जुलैला तो गेला. वय त्रेपन्न. आज टॉलीगंजच्या मेट्रो स्थानकाला 'महानायक उत्तमकुमार' नाव आहे, रोज हजारो लोक तिथे चढतात-उतरतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती 'शिल्पी संसद'. १९६८ मध्ये कलाकारांच्या संघटनेत फूट पडल्यावर ही नवी संस्था निघाली आणि तो तिचा अध्यक्ष होता. हलाखीतल्या कलाकारांना मदत करणं हे तिचं काम. फ्लॉपच्या काळात हातात नोकरी होती म्हणून तो तरला. ज्यांच्या हातात ती नव्हती त्यांचं काय होतं, हे त्याने जवळून पाहिलं होतं.


अजून_एक_चहा:

सुरुवात कुठून करू? बंगाली येत नाही, सबटायटल्स लागतील.


सांजवारा:

सुरुवात 'साडे चुयात्तर'नेच करा, हसत हसत शिराल. मग 'सप्तपदी', धुकं-चंद्रासकट. त्यानंतर लगेच 'नायक' पाहू नका, आधी 'अँटनी फिरिंगी' पाहा. 'नायक' तेव्हाच पूर्ण कळतो जेव्हा आधीचा स्टार तुमच्या ओळखीचा झालेला असतो. फिल्म सोसायटीवाल्यांची तिथेच गल्लत होते, ते स्टारला न भेटता थेट त्याच्या चिरफाडीला हजर राहतात.

(काका, तुम्हाला नाही म्हटलं. म्हटलं थोडंसं.)


मिरची_भजी:

आणि 'भ्रांतिविलास' 'अंगूर'च्या आधी पाहू नका असं मी म्हणेन. नाहीतर भानूने केलेला नोकर पाहून देवेन वर्मा फिका वाटेल आणि घरात भांडणं होतील.


खडूस_म्हातारा:

'विचारक' शोधून पाहिला. प्रत भिकार होती, आवाज खरखरत होता. न्यायासनावर बसून साक्ष ऐकताना तो हातातल्या पेनाशी जे काही करतो, ते दोनदा मागे जाऊन पाहिलं. एवढंच कबूल करतो. सौमित्र तरीही वरच.

हावडाकर, 'जदुबंश'ची बरी प्रत कुठे मिळेल?


हावड्याचा_मराठी:

सासऱ्यांकडे सीडी आहे. सौमित्रवाल्या सासऱ्यांकडे! विचारून कळवतो.